पंधरा दिवसांची मुदत: डायलिसिसच्या पेशंटला ‘इंजेक्शन बाहेरून आणा’ सांगणं बंद करा

जिल्ह्यातल्या डायलिसिस केंद्रांचे चालक, धर्मादाय रुग्णालयांचे विश्वस्त, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत असलेल्या खासगी रुग्णालयांचे व्यवस्थापक आणि जिल्हा शल्यचिकित्सक, या सर्वांना हा जाहीर इशारा आहे.

हा मजकूर छापून आल्याच्या दिवसापासून १५ दिवस मोजा. तेवढ्या मुदतीत प्रत्येक केंद्रानं दर्शनी भागात, मराठीत, लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरांत लिहून लावायचं आहे, की डायलिसिसवरच्या पेशंटला लागणारं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन तुम्ही देता की नाही. देत असाल तर कोणत्या योजनेतून देता. देत नसाल तर कोणत्या आदेशावरून देत नाही, त्या आदेशाचा क्रमांक आणि तारीख काय. तोंडी खुलासे खूप ऐकून झाले. आता कागद हवा.

आम्ही डायलिसिसवरच्या पेशंटच्या घरची माणसं आहोत. मी माझ्या धाकट्या भावाला घेऊन येतो. केंद्राबाहेरच्या बाकड्यावर चार-चार तास बसणाऱ्यांची आपोआप ओळख होते, मग कोण कुठून येतं, कशानं येतं, काय विकून येतं हेही कळतं. वेगवेगळ्या केंद्रांवरच्या माणसांशी बोललो तेव्हा सगळ्यांची तक्रार एकच निघाली. मशीनवर लावताना कोणी पैसे मागत नाही, योजनेत नाव आहे, डायलिसिस मोफत आहे. चार तासांनी सुया काढल्या, हातावर बोळा दाबून धरला, की एक चिठ्ठी पुढे येते. ती रुग्णालयाच्या लेटरहेडवर नसते. तिच्यावर शिक्का नसतो, डॉक्टरची सही नसते, बऱ्याचदा तारीखही नसते. वहीच्या कागदाचा फाडलेला तुकडा, त्यावर इंजेक्शनचं नाव आणि ‘४०००’ हा युनिटचा आकडा. सोबत सांगणं एवढंच, की पुढच्या वेळी येताना घेऊन या, खालच्या मेडिकलमध्ये मिळेल.

आमचा पहिला आक्षेप त्या कागदाच्या तुकड्यावर आहे. जे औषध पेशंटच्या उपचाराचा भाग आहे ते अधिकृत चिठ्ठीवर का लिहिलं जात नाही? सही-शिक्का का टाळला जातो? उद्या कोणी विचारलं, तर आम्ही बाहेरून आणायला सांगितलंच नव्हतं असं म्हणता यावं, याखेरीज दुसरं कारण आम्हाला दिसत नाही. यापुढे बिनसहीची, बिनशिक्क्याची चिठ्ठी एकही नातेवाईक घेणार नाही.

ज्यांच्या घरात हा आजार नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. किडनी फक्त लघवी तयार करत नाही. हाडातल्या मगजाला तांबड्या पेशी तयार करायला सांगणारं संप्रेरक, म्हणजे एरिथ्रोपोएटिन, तेही मुख्यतः किडनीतच तयार होतं. किडनी निकामी झाली की ते आटतं आणि माणूस पांढरा पडत जातो. भाजीपाला, गूळ-शेंगदाणे, बीट यांनी हा अ‍ॅनिमिया भरून निघत नाही. ते संप्रेरक बाहेरूनच द्यावं लागतं, कोणाला आठवड्यातून दोनदा, कोणाला तीनदा, आणि किडनीचं प्रत्यारोपण होईपर्यंत किंवा आयुष्यभर. १९८९ साली अमेरिकेत हे औषध मंजूर झालं. भारतातल्या कंपन्याही ते गेली वीसहून अधिक वर्षं बनवत आहेत. म्हणजे हे दुर्मीळ नाही, नवं नाही, प्रयोगातलंही नाही. आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत ते आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही या गटातली औषधं २०१७ पासून आहेत. जे औषध सरकार स्वतः अत्यावश्यक म्हणतं ते डायलिसिसच्या खोलीत ऐच्छिक कसं होतं, याचं उत्तर आम्हाला हवं आहे.

महिन्याला काही हजार रुपये, तेही दर महिन्याला, हा खर्च मजुरीवर चालणाऱ्या घराला झेपत नाही. मग काय होतं ते मी एका वहीत पाहिलं. आमच्याबरोबर येणाऱ्या एक शेतमजूर बाई नवऱ्याचे रिपोर्ट शाळेच्या वहीत उतरवून ठेवतात. एका बाजूला महिना, दुसऱ्या बाजूला हिमोग्लोबिन. दिवाळीपर्यंत ते दहाच्या आसपास टिकलं होतं. मग ९.१, पुढच्या महिन्यात ८.४, त्यानंतर ७.२. शेवटच्या आकड्यापुढे त्यांनी ‘पिशवी’ असा एकच शब्द लिहिला होता. त्या महिन्यांत शेतातली कामं संपली होती, हातात पैसा नव्हता, म्हणून आठवड्याची दोन इंजेक्शनं एकावर आली आणि मग तीही बंद झाली. केंद्रात कोणी विचारलं नाही, की तीन महिने सलग आकडा घसरतोय तर इंजेक्शन चालू आहे का? हिमोग्लोबिन सातवर आल्यावर मात्र घाईनं सांगितलं, की रक्त चढवावं लागेल, डोनर आणा.

व्यवस्थापकांनो, ही रक्ताची पिशवी तुम्हाला स्वस्तातला उपाय वाटत असेल, तर तिची किंमत नीट समजून घ्या. दुसऱ्याचं रक्त वारंवार चढवलं की पेशंटच्या शरीरात परक्या पेशींविरुद्ध अँटिबॉडीज तयार होतात. उद्या त्याला आई किंवा बहीण किडनी द्यायला तयार झाली, तर क्रॉसमॅचच्या वेळी याच अँटिबॉडीज आड येतात. अवयवदानाच्या प्रतीक्षायादीतही अशा पेशंटला जुळणारी किडनी मिळणं अवघड होऊन बसतं. शिवाय शरीरात लोह साठत जातं, संसर्गाचा धोका असतो, आणि डोनर शोधताना घरच्यांची दमछाक होते ती वेगळीच. ज्या औषधामुळे ही पिशवी टळू शकते ते पैशापायी तुटतं आणि माणसाची प्रत्यारोपणाची संधी हातची जाते. डायलिसिस केंद्रात काम करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला हे माहीत आहे. माहीत असून गप्प बसणाऱ्यांनाही हा इशारा लागू आहे.

पैसा कुठून आणायचा, असं आम्हाला विचारू नका. तरतुदी आहेत. त्या पेशंटपासून लपवल्या जातात, हे आमचं म्हणणं आहे.

सरकारी केंद्रांपासून सुरुवात करू. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. जिल्हा रुग्णालय याच विभागाचं आहे. तिथल्या डायलिसिस कक्षातल्या पेशंटला इंजेक्शन विकत आणायला लावणं म्हणजे सरकारच्याच निर्णयाला हरताळ फासणं आहे. साठा संपला असेल तर स्थानिक पातळीवर खरेदी करा, रुग्ण कल्याण समितीपुढे विषय मांडा, वरिष्ठांना लेखी मागणी पाठवा आणि तिची प्रत आम्हाला दाखवा. ‘वरून पुरवठा नाही’ हे उत्तर आम्ही यापुढे त्या मागणीपत्राशिवाय ऐकणार नाही.

खासगी रुग्णालयांचं तर आणखी स्पष्ट आहे. जन आरोग्य योजना कॅशलेस आहे. पॅकेजमध्ये तपासण्या, औषधं आणि इतर साहित्य धरलेलं असतं आणि त्याचे पैसे रुग्णालयाला योजनेकडून मिळतात. डायलिसिसच्या पॅकेजमध्ये हे इंजेक्शन धरलेलं आहे की नाही, हे रुग्णालयातल्या योजनेच्या आरोग्यमित्रानं प्रत्येक पेशंटला लेखी सांगायचं आहे. धरलेलं असेल आणि तरीही पेशंटकडून पैसे उकळले असतील, तर ते परत करा. योजना सुरू झाल्यापासूनची बिलं लोकांनी जपून ठेवली आहेत. धरलेलं नसेल, तर ते धरावं यासाठी आम्ही राज्य आरोग्य हमी सोसायटीकडे जाऊ. पण त्यासाठीही आधी तुमचा कागद लागेल. दोन्ही बाजूंनी हात वर करून पेशंटला मध्ये लोंबकळत ठेवण्याचे दिवस संपले.

आता धर्मादाय रुग्णालयं. विश्वस्तांनी हा परिच्छेद लक्ष देऊन वाचावा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयानं २००६ साली मंजूर केलेली योजना तुमच्यावर बंधनकारक आहे. १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात. आणि त्याहून महत्त्वाचं, एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी काढायची आहे. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असलेलं कुटुंब निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंतचं दुर्बल घटकात. औषधं या पेशंटना तुमच्या खरेदीच्या दरानं लावायची आहेत, छापील किमतीनं नव्हे. हा निधी तुमच्या मर्जीतला दानधर्म नाही. जमीन, एफएसआय, करसवलत घेताना जे पत्करलंत त्याची ती परतफेड आहे. ‘डायलिसिसचा पेशंट रात्री राहत नाही, म्हणून त्याला निधी लागू नाही’ असं काउंटरवरून सांगितलं जातं. हेच वाक्य लेटरहेडवर लिहून सहीनिशी द्या. ज्यांना ते नियमात बसतं असं वाटतं त्यांना सही करायला भीती वाटण्याचं कारण नाही.

किमतीबद्दलही बोलू. अत्यावश्यक औषधांच्या यादीतल्या औषधांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण ठरवतं आणि त्यापेक्षा जास्त घेतलेली रक्कम कंपनीकडून व्याजासह वसूल होऊ शकते. पण छापील किंमत आणि रुग्णालयाची खरेदी किंमत यांच्यातली दरी केवढी असू शकते, ते याच प्राधिकरणानं २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासून दाखवलं होतं. काही वस्तूंवर नफा १७०० टक्क्यांच्या पुढे गेलेला आढळला. हीच दरी आपल्या जिल्ह्यात रक्तवाढीच्या इंजेक्शनवर किती आहे, हे आम्ही खरेदीच्या पावत्या मागून तपासणार आहोत. ‘खालच्या मेडिकलमधूनच घ्या’ ही सक्तीही बेकायदा आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत औषध कुठून घ्यायचं हे निवडण्याचा हक्क आहे, आणि महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनं रुग्णहक्कांची सनद रुग्णालयात लावणं बंधनकारक केलं आहे. किती ठिकाणी ती लावली आहे, हे आम्ही बाकड्यावरून रोज पाहतो.

इंजेक्शन पेशंटच्या घरात ठेवायला लावण्यात आणखी एक मोठा दोष आहे. हे औषध २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं, गोठलं तर वाया जातं, जोरात हलवायचंही नसतं. ज्या घरात फ्रिज नाही ती माणसं ते थर्मासमध्ये बर्फ भरून एसटीनं घेऊन येतात. बर्फाला चिकटून औषध गोठलं तर पैसेही गेले आणि टोचूनही उपयोग नाही. पुढच्या महिन्यात आकडा वाढला नाही, की डॉक्टर डोस वाढवतात, खर्च दुप्पट होतो. केंद्रात फ्रिज आहे, जनरेटर आहे, प्रशिक्षित नर्स आहेत. औषध तिथंच असलं पाहिजे आणि मशीनवरच दिलं गेलं पाहिजे.

इथं अमेरिकेचा अनुभव सांगणं भाग आहे, कारण आमची पुढची मागणी त्यावरच उभी आहे. तिथं १९७२ च्या कायद्यानुसार कायमच्या किडनी विकाराच्या पेशंटचा डायलिसिसचा खर्च सरकारी विम्यानं उचलायला सुरुवात केली. इंजेक्शन आलं तेव्हा त्याचं बिल वेगळं लागायचं, म्हणून जितकं जास्त टोचाल तितकी केंद्राची कमाई जास्त. वापर बेसुमार वाढला. २००६ साली मोठ्या अभ्यासांतून पुढे आलं, की किडनीच्या पेशंटचं हिमोग्लोबिन तेराच्या पुढे नेण्याच्या प्रयत्नात फायदा होत नाही, उलट धोका वाढतो. अखेर २०११ पासून हे औषध डायलिसिसच्या एकत्रित दरातच घातलं गेलं. त्यानंतर उलटा धोका उभा राहिला, केंद्रं हात आखडता घेतील आणि पेशंटला पिशवीवर ढकलतील. म्हणून आम्ही नुसतं ‘पॅकेजमध्ये घाला’ एवढंच म्हणत नाही. पॅकेजमध्ये घाला, आणि प्रत्येक पेशंटच्या हातात एक पुस्तिका द्या. त्यात दर महिन्याचं हिमोग्लोबिन, ठरावीक काळानं फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या लोहाच्या तपासण्या, किती युनिट दिले, कोणत्या बॅचचे दिले, आणि लोहासाठी आयर्न सुक्रोज दिलं असेल तर त्याची नोंद. शरीरात लोह नसेल तर महागडं इंजेक्शन कामच करत नाही. लोह न तपासता महिनोन् महिने इंजेक्शन लिहिणारं केंद्र पेशंटचा पैसा पाण्यात घालतं.

दलालांना वेगळा आणि शेवटचा इशारा. मुख्यमंत्री सहाय्यता निधी मिळवून देतो, योजनेत नाव बसवतो, उत्पन्नाचा दाखला दोन दिवसांत काढून देतो असं सांगून पेशंटकडून पैसे घेणारे लोक रुग्णालयांच्या आवारात उघडपणे फिरतात. सहाय्यता निधीच्या अर्जाला पैसे लागत नाहीत आणि मंजूर रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते. मध्ये कोणाच्या हातून ती जायचा प्रश्नच येत नाही. तुमचे फोन नंबर आमच्याकडे आहेत, ज्यांच्याकडून पैसे घेतलेत ती माणसंही जबाब द्यायला तयार आहेत. पंधरा दिवसांत घेतलेले पैसे परत करा. नाहीतर फसवणुकीची फिर्याद होईल. रुग्णालयातल्या कोणत्या कर्मचाऱ्याचा त्यात वाटा आहे तेही फिर्यादीत येईल.

नातेवाईक मंडळींनाही सांगायचं आहे, आणि तेही ठणकावूनच. बिलाशिवाय इंजेक्शन घेऊ नका. बॅच नंबर आणि एक्स्पायरी बघा. कोणी अर्ध्या किमतीत आणून देतो म्हणालं तर त्याच्या वाटेला जाऊ नका; ते औषध कुठं आणि किती उन्हात पडलेलं होतं, तुम्हाला कधीच कळणार नाही. हिमोग्लोबिन लवकर वाढावं म्हणून स्वतःच्या मनानं डोस वाढवू नका. या औषधानं रक्तदाब वाढू शकतो, म्हणून दर वेळी बीपी मोजून घ्या. पैसे संपले म्हणून इंजेक्शन गुपचूप बंद करू नका. डॉक्टरला सांगा, आम्हाला सांगा, १०४ वर तक्रार नोंदवा. योजनेबद्दलची तक्रार १५५३८८ या क्रमांकावर करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. ज्यांच्या घरात कोणी कारखान्यात किंवा दुकानात पगारावर आहे त्यांनी ईएसआयचं कार्ड शोधून काढा. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या विमाधारक कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला उपचार आणि औषधं ईएसआयकडून मिळतात, तरी कार्ड कपाटात ठेवून बाजारातून इंजेक्शन घेणारी घरं आम्ही पाहिली आहेत. पिवळं असो, केशरी असो की पांढरं, रेशनकार्ड अद्ययावत ठेवा. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला गरज पडल्यावर काढायला धावू नका, आत्ताच काढून ठेवा.

पंधरा दिवसांत फलक लागले नाहीत, तर सोळाव्या दिवशी सकाळी ११ वाजता जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात माहिती अधिकाराचे अर्ज एकत्र दाखल होतील. माणसाच्या जीविताशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते, हे त्या कायद्याच्या कलम ७ मध्ये आहे, आणि आम्ही त्याच कलमाखाली मागणार आहोत. त्याच दिवशी धर्मादाय आयुक्तांकडे निर्धन रुग्ण निधीच्या हिशेबाची मागणी जाईल, अन्न व औषध प्रशासनाकडे खालच्या मेडिकलच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी तपासण्याचा अर्ज जाईल, आणि योजनेतून अंगीकृत असूनही पैसे घेणाऱ्या रुग्णालयांची नावं बिलांसह राज्य आरोग्य हमी सोसायटीकडे जातील. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठीही आम्ही अर्ज करू. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना १९८७ च्या कायद्यानं तो हक्क आहे, आणि आमच्यात हे सगळे आहेत. १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं वेळेवर उपचार हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पैशाअभावी ही जबाबदारी शासनाला झटकता येणार नाही, असंही त्यात सांगितलं. गरज पडली तर त्याच निकालाचा आधार घेऊन उच्च न्यायालयात जनहित याचिका होईल.

धरणं होईल, पण पेशंटना आम्ही उपोषणाला बसवणार नाही. त्यांचं पाणीसुद्धा मोजून असतं. बसू ते आम्ही, त्यांची घरची माणसं, जिल्हा रुग्णालयाच्या फाटकासमोर, आणि एकाही पेशंटची डायलिसिसची पाळी चुकणार नाही याची जबाबदारी आमची. आंदोलनाचं निमित्त करून कोणत्याही केंद्रानं एकाही पेशंटची पाळी मागे ढकलली, तर तो गुन्हा समजून त्याच दिवशी पोलिसांत तक्रार होईल.

फलकावर केंद्राचा शिक्का, तारीख आणि उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याचं पूर्ण नाव असलं पाहिजे. त्याची साक्षांकित प्रत आम्ही स्वतः येऊन घेऊ आणि पोच देऊ.